रात्री दोन वाजता कोण उठणार?

26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर सोडून वांगणीकडे जाताना पाण्यात अडकली. उल्हास नदीला पूर आला होता आणि पाणी रुळांवर चढलं होतं. उजाडलं तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, आणि डब्यांत हजाराच्या वर प्रवासी. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, आसपासच्या गावांतली माणसं धावली, आणि 27 तारखेच्या दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. त्या प्रवाशांत नऊ गरोदर बायका होत्या.

बातमी वाचल्यापासून तो नऊचा आकडा माझ्या डोक्यातून गेलेला नाही. पूर, बंद पडलेली गाडी, तुंबलेला रस्ता यांतलं काहीच कुणाची तारीख विचारून येत नाही. कुठल्याही दिवशी, कुठल्याही गर्दीत दिवस राहिलेल्या बायका असतातच. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये राहणाऱ्या माणसाला तर हे वेगळं सांगायला नको.

तयारी म्हटली की आपल्याकडे अख्खं घर कामाला लागतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते. आजी जुन्या सुती साड्या काढून दुपटी शिवायला बसते. डिंक, खारीक, अळीव यांच्या पुड्या आणल्या जातात, मावशी बाळंतविड्यासाठी टोपडी-झबली जमवते. यातलं मला काहीच टाकाऊ वाटत नाही. वीस वर्षं धुतलेल्या साडीच्या दुपट्याइतकं मऊ कापड बाजारात मिळत नाही. पण नीट पाहिलं तर ही सगळी तयारी बाळ झाल्यानंतरची आहे. पहिली कळ येते तिथपासून बाई दवाखान्यात पोचेपर्यंतचे जे काही तास असतात, त्यांच्यासाठी घरात कुणी काही करून ठेवलेलं नसतं. 'ते तेव्हाचं तेव्हा बघू' असं म्हणून तो विषय मिटतो. हे प्रकरण त्या तासांचं आहे.

अंबरनाथहून लोकलने निघालं की उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. या कल्याणात 1865 साली आनंदीबाई जोशींचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांचा होऊन गेला. योग्य उपचार मिळाले असते तर तो जगला असता, हे दुःख घेऊन ती मुलगी अमेरिकेला गेली आणि 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाली. पदवीच्या प्रबंधासाठी तिने विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, बाविसावं पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्या वारल्या.

तेव्हा जवळपास डॉक्टरच नव्हता. आज चित्र फार बदललं आहे. 2019 ते 2021 दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. 2018-20 या काळात राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या. त्याच काळातला देशाचा आकडा 97 होता. मग आता राहिलं काय? राहिले ते तास. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी 1994 मध्ये एक मांडणी केली, ती आजही जगभर वापरली जाते. बाळंतपणात जीव जातो तेव्हा मागे तीनपैकी एखादा तरी उशीर असतो: दवाखान्यात न्यायचं हे ठरवायला झालेला, तिथे पोचायला झालेला, आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला. मला यातला पहिला सगळ्यात घातक वाटतो. तो घरातल्या घरात होतो, म्हणून कुणाला दिसत नाही.

समजा, अंबरनाथ पश्चिमेला विम्को नाक्याजवळच्या एका चाळीत राहणारं जोडपं आहे. तो आनंदनगर एमआयडीसीत कामाला, या आठवड्यात रात्रपाळी. घरात ती आणि सासूबाई. रात्रीचे दोन वाजलेत.

"आई, पोटात राहून राहून दुखतंय."

"पहिलटकरणीला वेळ लागतो गं. जरा पडून राहा."

"पाणी गेल्यासारखं वाटतंय."

"अगं, ह्या दिवसांत होतं असं. उजाडू दे, मग जाऊ."

ही सासू वाईट नाही. तिची तीन बाळंतपणं झालीत, आणि तिन्हींत तिला असंच सांगितलं गेलं होतं. मुलाला फोन लावावा तर तो उचलत नाही. कंपनीत फोन बाहेर ठेवावा लागतो. शेजारच्यांना उठवायचं तर रात्री दोनला कसं उठवायचं? रिक्षा कुठून आणायची, पैसे कुठल्या डब्यात आहेत, फाइल कुठे आहे? बघता बघता पाच वाजतात. कुणी निष्काळजीपणा केलेला नसतो आणि तीन तास मात्र गेलेले असतात.

म्हणून सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या आसपासच, घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावं की अमुक झालं की निघायचं, आणि ते झाल्यावर कुणाची परवानगी मागायची नाही. नवऱ्याची नाही, सासूची नाही, फोनवरच्या आईचीही नाही. जिला कळा येतायत तिने 'निघू या' म्हटलं की निघायचं. दवाखान्यातून 'अजून वेळ आहे' म्हणून परत पाठवलं तर त्यात काही कमीपणा नाही. तशी दोनदा परत आलेली बाई तिसऱ्यांदाही बिनधास्त जाऊ शकली पाहिजे.

हे 'अमुक' म्हणजे काय? आधी तारखेचं बोलू. आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवतात. नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात रूढ केलेला हा हिशेब 280 दिवसांचा भरतो. आजीबाईंचा हिशेब त्याच्या किती जवळ होता ते पाहा. पण नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात पाचच्या आसपास. 37 आठवडे पूर्ण झाले की बाळ केव्हाही येऊ शकतं. फाइलवर लिहिलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी दवाखान्याची पिशवी भरून दाराशी असायला हवी ती यासाठी.

आता कळा. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पोट अधूनमधून दगडासारखं घट्ट होतं आणि सैल पडतं. या खोट्या कळा. त्यांना ताल नसतो. कूस बदलली, पाणी प्यायलं, चार पावलं चाललं की त्या विरतात. खऱ्या कळा कशानेही थांबत नाहीत. त्या बहुधा कमरेतून निघून पुढे ओटीपोटात येतात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि प्रत्येक कळ आधीच्या कळेपेक्षा लांबते. या कळा गर्भाशयाचं तोंड हळूहळू पातळ करून उघडत असतात. ते दहा सेंटिमीटर उघडलं की बाळाला वाट होते. पहिल्या खेपेला याला बारा-चौदा तास, कधी त्याहून जास्त लागतात. दुसऱ्या खेपेला बरंच लवकर आटोपतं. पुस्तकं पहिलटकरणीला सांगतात की दर पाच मिनिटांनी कळ, ती एक मिनिट टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघा. ज्यांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे त्यांना हे ठीक. ज्यांना रूळ ओलांडून किंवा दुसऱ्या शहरात जायचं आहे, ज्यांची दुसरी खेप आहे, त्यांनी दहा मिनिटांचं अंतर झालं की रिक्षा बोलवावी.

काही खुणा अशा आहेत की तिथे कळा मोजत बसायचंच नाही. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं. वेळ लक्षात ठेवायची आणि पाण्याचा रंग बघायचा. हिरवट असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते, आणि मग घाई आणखी मोठी. अंगावरून लाल रक्त जाऊ लागलं तर लगेच. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर 'बाळ झोपलंय' अशी समजूत घालायची नाही. आणि डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, छातीखाली दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज येणं या गोष्टींना आपल्या घरांत एकच निदान मिळतं: 'पित्त झालंय.' तो वाढलेला रक्तदाब असू शकतो, त्यातून झटके येऊ शकतात, आणि तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. आठव्या-नवव्या महिन्यात पित्ताची गोळी देण्याआधी रक्तदाब मोजून घ्या, एवढं मी हात जोडून सांगेन.

दुसरा उशीर रस्त्यावरचा. अंबरनाथ रुळांनी उभं चिरलेलं शहर आहे, पूर्व वेगळी आणि पश्चिम वेगळी. पश्चिमेतून कल्याण-बदलापूर रस्ता जातो आणि संध्याकाळी तो भरलेला असतो. मुंबई रुळांनी साठ किलोमीटरवर. मध्यरात्र उलटली की पहाटेपर्यंत लोकल नाही, आणि असली तरी कळा देणाऱ्या बाईला लोकलच्या जिन्यांवरून न्यायचं नसतं. मध्य रेल्वेच्या स्थानकांवर 2017 पासून वन रुपी क्लिनिक सुरू झाली आणि फलाटावर अडलेल्या कित्येक बायकांची सुटका तिथल्या डॉक्टरांनी केली. त्यांचे उपकार मोठे आहेत. तरी फलाट ही आपली योजना असू नये.

नवव्या महिन्यात कधीतरी दोघांनी मिळून घर ते दवाखाना अशी दोनदा फेरी मारावी. एकदा संध्याकाळी सातला, एकदा रात्री उशिरा. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवावं. रात्री दवाखान्याचा कुठला दरवाजा उघडा असतो, प्रसूती विभाग कुठल्या मजल्यावर, लिफ्ट चालते का, हे त्याच वेळी पाहून घ्यावं. रात्री येईल अशा दोन रिक्षावाल्यांचे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत, आणि भिंतीवर कागदावरही. फोनची बॅटरी नेमकी त्या रात्री उतरते. 108 ही रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे. गरोदर माता आणि नवजात बाळांची नेआण करायला 102 आहे, तीही मोफत. तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल आणि घर वालधुनीच्या किंवा उल्हासच्या काठालगत, सखल भागात असेल, तर पावसाचा जोर दिसताच दवाखान्याच्या बाजूच्या नातेवाइकाकडे राहायला जावं. आठ दिवस पाहुणचार घेतल्याने नातं तुटत नाही.

आणि वाटेतच बाळ आलं तर? अशा वेळी बरंचसं काम बाळ स्वतः करतं. त्याला ओढायचं नाही. कोरड्या कापडाने चांगलं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरून दोघांना मिळून पांघरूण घालायचं. नाळ कापायची नाही, वार ओढायची नाही. तशा अवस्थेत दवाखाना गाठायचा. रिक्षातल्या घाणीपेक्षा घाईघाईत कुठल्यातरी ब्लेडने कापलेली नाळ जास्त धोक्याची.

तिसरा उशीर दवाखान्यात होतो. तो पुष्कळसा आपल्या हातात नसतो, पण त्याचा काही भाग आधी विचारलेल्या प्रश्नांनी कमी होतो. अंबरनाथ पश्चिमेला डॉ. बी. जी. छाया उपजिल्हा रुग्णालय आहे. गुंतागुंत वाढली तर वाट उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाकडे, पुढे कळव्याकडे आणि मुंबईकडे जाते. सरकारी असो की खासगी, जिथे नाव घातलंय तिथे चार गोष्टी विचाराव्यात. रात्री सिझेरियन होतं का? भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात? बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर ती इथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल? रक्त कुठून येतं? हे विचारलं तर डॉक्टरांना राग येईल, अशी भीती बायकांना वाटते. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत 2016 पासून सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. हे प्रश्न विचारायला तो दिवस चांगला.

रक्ताचा मुद्दा जरा थांबून समजून घ्यायला हवा. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय मुठीसारखं आवळतं आणि वार जिथे चिकटलेली असते तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते आवळलं नाही तर काही मिनिटांत अर्धा लिटरहून जास्त रक्त जातं. हे होऊ नये म्हणून बाळ येताच आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. पण जिचं हिमोग्लोबिन सातवर आहे तिला तेवढं रक्त जाणंही झेपत नाही. अकरावर असलेली तरून जाते. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या कपाटात पडून राहतात. गोळ्या रात्रीच्या जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊ नका, पण घ्या. बाळंतपणाच्या रात्री लागणारं रक्त आता तयार होत असतं. रक्तगट आधीच तपासून ठेवा. आईचा निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागतं, साधारण 28 व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर 72 तासांच्या आत. आपल्या मुंबईतच 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मीळ रक्तगट शोधून काढला. जगात तो 'बॉम्बे' याच नावाने ओळखला जातो. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण अशा माणसाला 'ओ'चंही रक्त चालत नाही. ऐनवेळी रक्त जुळवताना हे कळलं तर धावपळ उडते. आधी कळलं तर रक्तदाता शोधायला वेळ मिळतो.

पैशांचं थोडक्यात. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात साधं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि नेआण हे सगळं मोफत असतं. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेतून 5,000 रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6,000. नोकरी करणाऱ्या स्त्रीला 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. कारखान्यातल्या बाईने कामगार विम्याचं कार्ड दवाखान्याच्या फाइलमध्येच ठेवावं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ही रीत मला मनापासून आवडते. ज्या घरात मोठ्याने रडता येतं तिथे कळाही सोसता येतात. पण अंबरनाथमधल्या कितीतरी सुनांची माहेरं खानदेशात, कोकणात, घाटावर आहेत. नाव इथल्या दवाखान्यात, बाळंतपण तिथल्या, आणि मधला कागद हरवलेला, असं झालं की तिथले डॉक्टर अंधारात असतात. माहेरी जायचं तर आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच जावं, सगळे रिपोर्ट बरोबर न्यावेत, तिथे पोचल्यावर आठवड्याभरात तिथल्या डॉक्टरांना दाखवावं आणि तिथल्या आशाताईंकडे नोंद करावी. मग हीच तीन उशिरांची बैठक माहेरच्या घरातही बसवावी. भाऊ गाडी चालवतो, हे उत्तर पुरेसं नाही. भाऊ गावात नसेल तेव्हा कोण, हे विचारावं.

आता होणाऱ्या बाबांशी थोडं बोलायचं आहे. तुम्हाला पिढ्यान्‌पिढ्या व्हरांड्यात उभं केलं गेलं. कळा सोसणाऱ्या बाईजवळ ओळखीचं, धीर देणारं माणूस सतत असलं तर बाळंतपण लवकर उरकतं आणि सिझेरियनची गरज कमी पडते, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांतही सोबतिणीला परवानगी दिली. ती बहुधा आई, सासू किंवा बहीण असते. जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवऱ्यालाही जाता येतं. विचारून ठेवा. आत जायला मिळालं तर कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने जोर द्या, घोट घोट पाणी पाजा, कळांचं अंतर मोजा. बाहेर थांबावं लागलं तरी फाइल, फोन आणि रक्ताची चिठ्ठी तुमच्या हातात असू द्या. सिझेरियनच्या संमतीचा कागद पुढे येईल तेव्हा काकांना, मामांना फोन लावत बसू नका. महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. ते करायची वेळ आली तर तिचं म्हणणं काय, हे आठव्या महिन्यात एखाद्या निवांत संध्याकाळी विचारून ठेवलेलं असावं. तिची त्या वेळी बोलण्याची अवस्था नसेल, तेव्हा तिचे शब्द तुमच्या तोंडून यायला हवेत.

बाळ झालं की घरी फोन लावण्याआधी एक गोष्ट बघा. ते तासाभरात आईच्या छातीशी लागलं का? पहिलं पिवळसर दूध म्हणजे चीक. तो पिळून टाकायची पद्धत अजून काही घरांत आहे. रोगांशी लढणारी द्रव्यं त्याच्यात ठासून भरलेली असतात. ते बाळाचं पहिलं संरक्षण. मध नको, गुळाचं पाणी नको, घुटी नको. घरी आल्यावर बाळंतिणीला शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून द्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटली की जो वायू साठतो त्याला वास नसतो, आणि तो आई-बाळ दोघांनाही झोपेत गुंगवतो. ओवा-बाळंतशेपाची धुरी बाळाच्या नाकाला झेपत नाही. आशाताई तिसऱ्या दिवसापासून 42 व्या दिवसापर्यंत सहा वेळा येतात. त्या येतील तेव्हा बाळ उघडून दाखवा, झोपलंय म्हणून परत पाठवू नका. आपला सव्वा महिना आणि डॉक्टरांचे सहा आठवडे जवळपास एकच आहेत. तेवढे दिवस बाळंतिणीला ताप, घाण वास येणारा स्राव, पोटरीत दुखून सूज, किंवा कारण नसताना सतत रडू आलं तर तेही दवाखान्यात जाण्याचंच कारण आहे.

मग बाराव्या दिवशी बारसं. दवाखान्यातल्या जन्माची माहिती दवाखाना 21 दिवसांच्या आत नगरपालिकेला कळवतो. नाव ठरलं नसेल तर ते वर्षभरात फी न भरता घालता येतं, त्यामुळे बारशाची घाई करायची गरज नाही. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात महाराष्ट्रात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम लागतो. आईचं नाव आधारवर एक, लग्नानंतरच्या कागदांवर दुसरं आणि दवाखान्याच्या फाइलवर तिसरं असं पुष्कळदा असतं. कुठलं लावायचं ते तिला विचारा आणि त्याचं स्पेलिंग नवव्या महिन्यातच मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा.